विश्लेषण : टायरमध्ये हवा भरणारे जॉन डनलप कोण होते? बाइकचा नवा टायर निवडताना त्यांची गोष्ट का उपयोगी ठरते?

पावसाळा तोंडावर आला, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या स्पोर्ट बाइकवाल्यांना मागचा गुळगुळीत झालेला टायर आठवतो. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, कोणत्या कंपनीचा घ्यायचा? दुसरा, केवढ्याला पडेल? आणि तिसरा, यापेक्षा रुंद बसेल का? टायरच्या भिंतीवर कोरलेले बारीक आकडे मात्र फारसे कुणी वाचत नाही. ज्या माणसाचे नाव गेली सव्वाशेहून अधिक वर्षे टायरवर छापले जात आहे, त्या जॉन बॉइड डनलप यांची गोष्ट या आकड्यांचे महत्त्व नेमके सांगते. डनलप ना कारखानदार होते, ना अभियंते. ते जनावरांचे डॉक्टर होते. चाकाबद्दल त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो दोन चाके शेजारी ठेवून, पळवून पाहून काढला.

टायरचा प्रश्न या पट्ट्यात इतका गंभीर का?

उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर रेल्वेमार्गाने सुमारे दहा किलोमीटर. पण एवढ्याशा प्रवासात दुचाकीस्वाराला काँक्रीटचा रस्ता, डांबराचा जुना पट्टा, पेव्हर ब्लॉकचे ठिगळ, उड्डाणपुलाचे जोड आणि औद्योगिक वसाहतीत ये-जा करणाऱ्या अवजड वाहनांनी सांडलेले तेल, असे सगळे लागते. पावसात यातल्या प्रत्येक पृष्ठभागाची पकड वेगळी असते. सुट्टीच्या दिवशी हीच बाइक बारवी धरण, कर्जत किंवा मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे वळते. तिथे ओल्या वळणावर बाइक झुकवावी लागते.

हे सगळे किती जागेवर अवलंबून असते, त्याचा साधा हिशेब करता येतो. सुमारे १४० किलोची बाइक आणि ७० किलोचा चालक मिळून २१० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो दाब असेल, तर हे वजन पेलायला दोन्ही टायर मिळून साधारण १०० चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकते. एका पोस्टकार्डापेक्षाही कमी. ब्रेक, वळण, वेग आणि मागे बसलेल्या माणसाचा जीव, सगळे एवढ्याशा जागेवर तोललेले असते. टायरच्या भिंतीचा ताठपणा धरला तर हा आकडा थोडा बदलतो, पण मूळ गोष्ट तीच राहते. वजन पेलते ती मुख्यतः आतली हवा. ही गोष्ट जगाच्या व्यवहारात आणली ती डनलप यांनी.

जॉन बॉइड डनलप कोण होते?

स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात ड्रेगहॉर्न नावाचे गाव आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबात ५ फेब्रुवारी १८४० रोजी डनलप यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक समजली जाई आणि त्यांना अंगमेहनतीपासून दूर ठेवले जाई. त्यांनी एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि विशीच्या आतच ते पदवी घेऊन बाहेर पडले. काही वर्षे एडिंबरातच व्यवसाय केल्यानंतर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक आणि मग बेलफास्ट येथे त्यांनी दवाखाना थाटला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

त्या काळात शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर चालत असे, त्यामुळे चांगल्या पशुवैद्याला कामाची कमतरता नव्हती. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डनलप यांचा व्यवसाय आयर्लंडमधील मोठ्या व्यवसायांपैकी एक झाला होता. म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते चाकाच्या प्रश्नाकडे वळले, तेव्हा त्यांना पोटापाण्याची चिंता नव्हती. नवीन धंदा काढण्याचाही त्यांचा विचार नव्हता.

पहिला टायर कसा तयार झाला?

निमित्त घरातलेच होते. डनलप यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवत असे. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे आणि सायकलच्या चाकावर भरीव रबराची पट्टी. प्रत्येक खाचेचा हिसका थेट अंगात जाई. गाडीचा वेगही या हिसक्यांत खर्ची पडे.

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलप यांनी एक लाकडी तबकडी घेतली. तिचा व्यास सुमारे ९६ सेंटिमीटर होता. पातळ रबराच्या पत्र्याची त्यांनी नळी तयार केली, ती तबकडीच्या कडेभोवती कापडाच्या पट्टीने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. पुढे त्यांनी जे केले ते या गोष्टीतले सर्वात महत्त्वाचे पाऊल आहे. सायकलचे भरीव रबराचे चाक आणि हवेची नळी लावलेली तबकडी, दोन्ही त्यांनी एकाच अंगणात, सारख्याच जोराने ढकलून पाहिले. भरीव रबराचे चाक अंगण पार होण्याआधीच कोलमडले. हवेचे चाक शेवटपर्यंत गेले, फाटकाच्या खांबावर आदळले आणि उलटे फिरले.

मऊ चाक रस्त्यात जास्त अडकेल आणि कडक चाक वेगाने पळेल, असा तेव्हाचा समज होता. अंगणातल्या चाचणीने तो उलटा ठरवला. कडक चाक प्रत्येक खड्याला उडते आणि त्यात ताकद वाया जाते. हवेचे चाक तो खडा स्वतःत सामावून घेते आणि पुढे जाते. यानंतर मुलाच्या सायकलीला हवेचे टायर लागले. फेब्रुवारी १८८८ मध्ये त्यांची रस्त्यावर चाचणी झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डनलप यांना पेटंट मिळाले.

थट्टा झालेला टायर शर्यत कसा जिंकला?

जाडजूड टायरची सायकल पाहून सुरुवातीला लोक हसत. निकाल लागला तो मैदानावर. बेलफास्टमधील सायकलपटू विली ह्यूम यांनी डनलप टायर लावलेली सायकल घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर त्यांनी चारही सायकल शर्यती जिंकल्या. त्यानंतर लिव्हरपूलमध्येही त्यांनी बहुतेक शर्यतींत बाजी मारली. ह्यूम काही त्या काळचे अजिंक्य खेळाडू नव्हते. त्यामुळे श्रेय चाकाकडे जाते, हे पाहणाऱ्यांच्या लगेच लक्षात आले.

हरलेल्या स्पर्धकांत डब्लिनचे व्यापारी आणि आयरिश सायकलपटू संघटनेचे अध्यक्ष हार्वे डू क्रॉस यांचे मुलगे होते. डू क्रॉस यांनी या टायरमधला धंदा ओळखला. १८८९ मध्ये डब्लिन येथे कंपनी उभी राहिली. डनलप यांनी आपले पेटंट कंपनीकडे सोपवले आणि बदल्यात त्यांना १,५०० शेअर मिळाले. कारभार मात्र डू क्रॉस यांच्या हाती राहिला.

पेटंट रद्द का झाले?

कंपनी उभी राहून वर्षही होत नाही तोच १८९० मध्ये धक्का बसला. हवेच्या टायरची कल्पना डनलप यांच्या आधीच नोंदवली गेली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये आणि त्यानंतर फ्रान्स व अमेरिकेतही तिचे पेटंट घेतले होते. थॉमसन यांनी १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला हवेची चाके लावून प्रात्यक्षिकही दाखवले होते. पण तेव्हा आजच्यासारख्या सायकली नव्हत्या, मोटार तर नव्हतीच. पातळ आणि टिकाऊ रबरही सहज मिळत नसे. कल्पना बरोबर होती, तिला लागणारे वाहन रस्त्यावर यायचे होते. थॉमसन यांनी पुढे भरीव रबराच्या चाकांची वाफेची वाहने तयार केली. त्यांतली काही १८७० च्या दशकात पंजाबातही चालली. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

डनलप यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती. तरीही कायद्याच्या दृष्टीने मूळ कल्पनेवरचा त्यांचा हक्क संपला. कंपनी तरली ती इतरांच्या सुधारणांमुळे. डनलप यांचा सुरुवातीचा टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे सगळे उकलून पुन्हा चिकटवायचे. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घालून तो खोलगट रिममध्ये बसवण्याची पद्धत काढली. विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या कडेत अडकणारा टायर तयार केला. चार्ल्स वुड्स यांनी हवेचा सोपा व्हॉल्व्ह दिला. तो वुड्स व्हॉल्व्ह आपल्याकडच्या साध्या सायकलींना आजही दिसतो. कंपनीने या सुधारणांचे हक्क मिळवले आणि धंदा वाचवला.

वेल्च यांच्या तारेचा वारसा आजच्या बाइकमध्येही आहे. ट्यूबलेस टायरमध्ये हवा कोंडून धरते ती टायरची तार असलेली कड आणि रिम यांच्यातली घट्ट मिठी. म्हणूनच टायर किती रुंद घ्यावा, हा प्रश्न दिसण्याचा राहत नाही. रिम त्याला नीट धरेल का, हा खरा प्रश्न असतो.

डनलप यांच्या वाट्याला काय आले?

कंपनी वाढत गेली आणि डनलप तिच्यापासून दूर होत गेले. १८९५ मध्ये त्यांनी कंपनीतून राजीनामा दिला आणि आपला हिस्सा विकला. पुढच्याच वर्षी टेरा हूली या सटोडिया भांडवलदाराने ही कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि ५० लाख पौंडांना पुन्हा बाजारात आणली. या उलाढालीचा फायदा ज्यांच्या नावावर ती झाली, त्यांना मिळाला नाही. डनलप डब्लिनमध्ये स्थायिक झाले होते. तिथे कापडाच्या व्यवसायात त्यांचा सहभाग होता.

सायकल आणि मोटारीच्या टायरची मागणी वाढली तशी जगाला रबराची हाव सुटली. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोमध्ये रबरासाठी स्थानिकांवर अमानुष सक्ती झाली. बेलफास्टच्या अंगणात एका बापाने मुलासाठी केलेल्या प्रयोगाचा असाही दूरचा परिणाम झाला.

आयुष्याच्या शेवटी डनलप यांना आपल्या नावाशीच झगडावे लागले. कंपनीच्या जाहिरातींत त्यांना उंच टोपी आणि छडी घेतलेल्या छानछोकी माणसाच्या रूपात दाखवले जाई. साध्या राहणीच्या डनलप यांना ते अपमानास्पद वाटले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. नाव विकले गेले होते. त्या नावाचा चेहराही आपल्या हातात उरलेला नाही, हे त्यांना उतारवयात पाहावे लागले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास सांगणारे त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आले.

डनलप हे नाव भारतात कसे आले?

डनलप कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधील हुगळी जिल्ह्यात साहागंज येथे टायरचा कारखाना सुरू केला. पुढची अनेक दशके भारतीय रस्त्यांवर हे नाव सर्वांच्या ओळखीचे होते. नंतर कंपनीचे मालक बदलले, कारखाना आजारी पडला आणि शेवटी बंद झाला. जगभरातही या नावाचे हक्क वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. म्हणजे दोन देशांत एकाच नावाने विकले जाणारे टायर एकाच कारखान्याचे किंवा एकाच पद्धतीचे असतील, असे धरून चालता येत नाही.

महाराष्ट्राचा टायरशी असलेला संबंधही जुना आहे. इटलीतील तुरिन येथे १९२४ मध्ये सुरू झालेली सिएट कंपनी १९५८ मध्ये भारतात आली आणि मुंबईत भांडुपला तिचा कारखाना उभा राहिला. या कंपनीचा शेती आणि अवजड यंत्रांच्या टायरचा कारखाना आता अंबरनाथमध्ये आहे. तिथे तयार होणारा टायर शेतात किंवा खाणीत चालतो, बाइकच्या टायरपेक्षा तो पूर्णपणे वेगळा असतो. एकाच कंपनीच्या छत्राखाली किती वेगवेगळ्या कामांचे टायर असतात, हे त्यावरून कळते. कंपनीचे नाव कळले म्हणजे टायर कळला, असे होत नाही.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

उदाहरण म्हणून १४०/७० आर १७ ६६ एच हा आकडा घेऊ. यामाहाच्या आर-१५ बाइकच्या अलीकडच्या आवृत्त्यांना मागे याच मापाचा टायर येतो. १४० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. इथे ती ९८ मिलिमीटर होते. आर हे अक्षर रेडियल बांधणी दाखवते. १७ हा रिमचा व्यास इंचांत. ६६ हा भारांक, म्हणजे योग्य दाब असताना हा टायर ३०० किलोपर्यंत वजन पेलतो. एच हे वेगाचे अक्षर, त्याची मर्यादा ताशी २१० किलोमीटर. पी असेल तर ती १५० आणि एस असेल तर १८० असते.

भारांक किंवा वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे घेऊ नये. बाइक तेवढ्या वेगाने कधीच जात नसली, तरी दोघे बसून घाट चढताना टायरवर येणारा ताण आणि उष्णता पेलण्याची ताकद या आकड्यांतून कळते.

भिंतीवर शेवटी चार आकडे असलेली तारीख असते. २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. रबर वापर न होताही म्हातारे होते, कडक पडते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि दहा वर्षांनंतर खाचा शिल्लक असल्या तरी टायर बदला, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाहून घ्यावे. सवलतीत मिळणारा टायर घेताना किंमत विचारण्याआधी तारीख पाहावी.

रुंद टायर बसवला तर काय बिघडते?

१४०/७० ऐवजी १५०/६० टायर बसवला तर तो दिसायला रुंद, पण उंचीला कमी भरतो. चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२८ मिलिमीटरवरून ६१२ पर्यंत उतरतो. बाइकचा मागचा भाग खाली बसतो आणि वळणावर तिचा स्वभाव बदलतो. वेगाची नोंद ज्या बाइकमध्ये मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून होते, तिथे ती चुकते. १५०/७० घेतला तर उलट होते. व्यास वाढतो आणि टायर चेन किंवा मडगार्डला घासण्याची शक्यता निर्माण होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रिमची. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि टायरचा माथा टोकदार होतो. सरळ जाताना रस्त्याला टेकणारे रबर वाढण्याऐवजी कमी होऊ शकते. रुंदीसाठी पैसे मोजून पकड घालवायची, असा हा व्यवहार ठरतो. प्रत्येक टायरसाठी रिमची किमान आणि कमाल रुंदी कंपनी ठरवून देते, ती दुकानदाराला विचारावी.

रेडियल टायरमध्ये आतले धागे चाकाच्या मध्याकडून कडेकडे सरळ जातात. बायस टायरमध्ये ते एकमेकांवर तिरपे असतात. दोघांची लवचीकता वेगळी असते. काही बाइकना कारखान्यातूनच पुढे बायस आणि मागे रेडियल टायर येतो. ती जोडी कंपनीने तपासलेली असते. आपल्या मनाने अशी जोडी लावू नये. पुढचा टायर झिजलेला असताना फक्त मागचा नवा घेणेही पावसात धोक्याचे, कारण दुचाकीचे ब्रेक लागताना बहुतेक वजन पुढच्या चाकावर येते.

पावसासाठी कोणता टायर चांगला?

शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेला मऊ टायर रस्त्यावरही जास्त पकड देईल, असा समज असतो. अशा टायरच्या रबराला आधी भरपूर तापावे लागते. उल्हासनगरहून बदलापूरला कामावर जाणाऱ्या बाइकचा टायर पावसात तेवढा तापतच नाही. शिवाय अशा टायरना खाचा कमी असतात. खाचांचे काम पाणी बाजूला सारणे हे असते. त्या उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगतो आणि हँडल हलके होते.

रोजच्या वापराला आणि अधूनमधून घाटाला रस्त्यासाठीचा स्पोर्ट किंवा स्पोर्ट-टुरिंग प्रकारचा टायर योग्य. त्यात सिलिका मिसळलेले रबर असेल तर ओल्या रस्त्यावर पकड चांगली राहते. काही टायरमध्ये मध्यभागी टिकाऊ आणि कडेला मऊ असे दोन प्रकारचे रबर असते. सरळ रस्त्यावर जास्त चालणाऱ्या बाइकला ते सोयीचे पडते. खूप मऊ टायर लवकर झिजतो, खूप टिकाऊ टायर पावसात कमी धरतो. पकड, टिकाऊपणा आणि किंमत यांपैकी तिन्ही एकाच टायरमध्ये पूर्ण मिळत नाहीत. आपली बाइक जास्त कुठे चालते, यावरून निवड करावी लागते.

जुना टायर कधी बदलायचा?

टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. दुचाकीच्या टायरमध्ये त्यांची उंची साधारण ०.८ मिलिमीटर असते. आजूबाजूचे रबर झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आले, की टायर संपला. या भागातल्या पावसाचा विचार करता तिथवर वाट न पाहणे शहाणपणाचे. सरळ रस्त्यावर जास्त चाललेला टायर मध्यभागी सपाट होतो आणि वळताना बाइक एकदम पडल्यासारखी झुकते. भिंतीवर भेगा, फुगवटा किंवा काप दिसला तर खाचा कितीही खोल असोत, टायर बदलावा. भिंतीवरचे पंक्चर दुरुस्त करून चालवू नये.

नवा टायर बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा, व्हॉल्व्ह नवा घालावा आणि चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक किंवा खोल वळण टाळावे. हवेचा दाब टायर थंड असताना, बाइकच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावा. पावसात पकड वाढेल म्हणून हवा कमी करण्याची सवय चुकीची आहे. कमी हवेचा टायर मधोमध दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही.

डनलप यांच्या गोष्टीतून काय घ्यायचे?

डनलप यांचे पेटंट टिकले नाही, कंपनी त्यांच्या हाती राहिली नाही आणि साहागंजचा कारखानाही बंद पडला. त्यांनी दाखवलेली एक पद्धत मात्र आजही कामाची आहे. त्यांनी एकाच अंगणात, सारख्याच जोराने दोन चाके पळवली आणि जे दिसले ते मानले. आज ती चाचणी ग्राहकाला घरी करता येत नाही. तिचे निकाल टायरच्या भिंतीवर भारांक, वेगाचे अक्षर आणि माप यांच्या रूपाने छापलेले असतात. दुकानात टायर हातात आला, की बाइकच्या पुस्तिकेतले आकडे त्याच्याशी जुळवून पाहायला पाच मिनिटे लागतात. जुना टायर काढायला सांगण्याआधी ती पाच मिनिटे द्यावीत. पुढची काही वर्षे पोस्टकार्डाएवढ्या त्या रबरावरच दोघांचा जीव असतो.